खिडकी कुठल्या बाजूला होती?

बाबा,

तुमचा पेन्सिलींचा डबा काल दुपारी मी सातव्या मजल्यावरून खाली टाकणार होते. खाली सोसायटीचा गार्ड कुणाशी तरी पार्किंगवरून वाद घालत उभा होता, म्हणून डबा वाचला. तोच बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कोपऱ्यात गंजलेला, आणि आत तुमच्या पेन्सिली, ब्लेडनं तासून शिसं बोटाच्या पेरभर बाहेर काढलेल्या. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली आणि या पेन्सिलींना अजून टोक आहे. तुमच्या इतर सगळ्या गोष्टींसारखंच. शांत, अणकुचीदार, आणि मला चीड आणणारं.

मी पत्रं लिहिणाऱ्यांतली नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलते. कामगार न्यायालयात बोलते, कारखान्यांच्या गेटवर ट्रकच्या फळीवर उभी राहून बोलते, माईक नसेल तर बिनमाईकची बोलते. पण तुमच्याशी बोलून कधी काही हाती लागलं नाही. मी अर्धा तास बोलायचे आणि तुम्ही म्हणायचात, "अजून एक थर दे." राजकारणावर बोलले तरी अजून एक थर. कॉलेज सोडून मोर्चाला जाते म्हणाले तरी कागदाकडे बघत अजून एक थर. घरात वाद घालायला माणूस नाही याहून मोठी शिक्षा माझ्यासारखीला दुसरी नव्हती. म्हणून आज लिहितेय. लिहिताना निदान तुमचं गप्प राहणं ऐकू येत नाही.

आधी काय झालं ते सांगते. दिल्लीबाहेर मानेसरमध्ये गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेला एक माणूस गेल्या महिन्यात गेला. सलग दोन पाळ्या करून निघाला, कंपनीची बस सुटलेली, शेअर ऑटोत बसला आणि ऑटो हायवेवर उलटला. कंपनी म्हणते गेटच्या बाहेर झालं, आमचा संबंध नाही. ठेकेदार म्हणतो आमच्या यादीत असं नावच नाही. बायको पानिपतची. आपल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांसमोर पानिपत म्हटलं की कुणीतरी लगेच छाती पुढे काढून लढाई सुरू करतं. ही चादरींच्या पानिपतची. दोघंही तिथे मागावर होती, माग बंद पडला म्हणून इकडे आली. चार वर्षांची मुलगी आहे. आणि त्या माणसाचा एकच फोटो आहे, गेटपासवरचा. फोन होता त्याच्याकडे, पण त्यात सगळे फोटो मुलीचे.

गेल्या रविवारी गेटवर सभा होती. मी रंगात आले होते. म्हणाले, हे म्हणतात यादीत नाव नाही, मग पुढच्या रविवारी मी त्याचा चेहराच या गेटसमोर आणून उभा करते, माझ्या हातानं काढून! टाळ्या पडल्या. माझं असं आहे की टाळ्या पडल्यावरच मी काय बोलून बसले ते मला ऐकू येतं.

आमच्या युनियनचे सरचिटणीस भले गृहस्थ आहेत, निवृत्त फिटर. ते म्हणाले, "मॅडम, हाथ से क्यों? आजकल दो मिनट का काम है." त्यांनी गेटपासचा फोटो मोबाइलवर कसल्याशा अ‍ॅपमध्ये घातला आणि दोन मिनिटांत खरंच एक माणूस बाहेर आला. गोरा, केस विंचरलेले, टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे दात. त्यांनी तो मोठ्या उत्साहानं त्याच्या बायकोला दाखवला. ती बघत राहिली, मग म्हणाली, "ये कौन हैं?"

"अरे भाभी, यही तो हैं. बस थोड़ा साफ़ कर दिया."

"इतने साफ़ नहीं थे," ती म्हणाली.

मुलगी तर फोन हातात घेऊन पुढचं चित्र शोधायला लागली. बापाला ओळखलंच नाही तिनं. तेव्हा तिची आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दीदी, आप बना दो. गेट के लिए नहीं. इसके लिए. ये भूल रही है." चार वर्षांच्या मुलीला महिना म्हणजे किती असतो, बाबा? मी तिला होय म्हटलं, माईकवर नाही, नुसतं तोंडानं. आणि घरी येऊन माळ्यावरून तुमचा डबा काढला.

तुम्ही दिवसभर कचेरीत रेघा मारायचात. धरणांच्या भिंती, पुलांचे खांब, टी-स्क्वेअर लावून, शाईत, केसाएवढीही हलू न देता. आणि घरी येऊन आम्हाला सांगायचात की रेघ नसते. "माणसाच्या तोंडावर एकही रेघ नाही. एक उजेड संपतो, दुसरा सुरू होतो. कुठे संपतो ते बघ. डोळे बारीक कर." मला अकराव्या वर्षी हे ऐकून वाटायचं, यांना कचेरीतून काढलं पाहिजे.

आई पोळ्या करतेय. तुम्ही परातीतला कणकेचा एक गोळा उचलून स्टीलच्या ताटलीत ठेवता, ताटली ओट्यावर खिडकीपाशी. मी स्टुलावर, गुडघ्यावर फळी, फळीवर कागद.

"हा काढ."

मी गोल काढते. तुम्ही रबरानं खोडता.

"गोळा गोलच असतो," मी म्हणते.

"असेल. पण तुला रेघ कुठे दिसली?"

"अहो, तो गोळा द्या इकडे," आई मागून. "तवा तापलाय."

"पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत. कणीक सुकली की पोळीला तडे जातात. ती तुम्हालाच वाढीन."

आणि तिनं खरंच तीच वाढली, तीन महिने, रोज एक तडा गेलेली पोळी, आणि तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत. तीन महिने मी कणकेचा गोळा काढत होते! माझ्या मैत्रिणी तोवर सूर्यास्त, मोर, ताजमहाल सगळं काढून मोकळ्या झाल्या होत्या. पेन्सिल मागून धरायची, टोकापाशी नाही. आधी हलकी एचबी, एका दिशेनं, मग तिच्यावर तिरकी, मग गोल गोल, कागदाला नुसतं विचारत असल्यासारखी. मग जरा मऊ, काळी टू-बी. काळोख शेवटी. पांढरं काढायचं नसतं, ते कागदात असतंच, त्याला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात मोठा वैताग तो ताटलीचा. सावलीची कड मी काळीकुट्ट केली की तुम्ही बोट दाखवायचात. "इथे बघ. ताटलीकडून उजेड परत येतो. कड थोडी उजळ आहे." मी म्हणायचे, सावली म्हणजे सावली, काळं ते काळं. तुम्ही म्हणायचात, "मग तो गोळा नाही, भोक झालं." वादात माझं तोंड बंद करणारे तुम्ही एकटे, आणि तेही कणकेच्या जोरावर.

आणि बोट लावायचं नाही. हा तर तुमचा धर्म होता. सावली मऊ करायला कागदाची घट्ट सुरळी होती, तीही तीन थर झाल्यावर. चुकलं तर उचलायला ब्रेडचा मऊ गर होता, चिमटीत मळून हलक्या हातानं टिपायचा. पण बोट नाही. बोटाला तेल असतं, शिसं कागदात मुरतं, मग ना रबरानं निघतं ना ब्रेडनं. शनिवारी नखं न कापण्यासारखा हाही एक समज असेल असं मी धरून चालले होते. तुमच्याच डोळ्यांदेखत कधी बोट लावून बघायची माझी हिंमत झाली नाही, एवढंच.

लोक तुमच्याकडे मेलेल्यांचे फोटो घेऊन यायचे. सगळे आपलेच, सरकारी क्वार्टरांतले मराठी लोक, आणि फोटो सर्व्हिस बुकातून काढलेला, कपाळावर कचेरीचा अर्धा शिक्का, कानात स्टेपलरचं भोक. फ्लॅशमध्ये काढलेले सपाट चेहरे, सावलीचा पत्ता नाही. समोर बाई डोळे पुसतेय आणि तुम्ही तिला विचारताय, "घरात ते कुठे बसायचे? खिडकी कुठल्या बाजूला होती?" मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. अहो, त्यांचा माणूस गेलाय, आणि तुम्ही काय, खिडकी? पण तुम्हाला ते कळल्याशिवाय पेन्सिल उचलवत नसे. उजेड त्या बाजूनंच यायचा चित्रात. घरच्यांना आपला माणूस ओळखू का येतो हे त्यांनाही सांगता येत नसे.

मी सतरा वर्षांची असताना खालच्या मजल्यावरचे सेक्शन ऑफिसर गेले. झोपेतच गेले, बिनत्रासाचे. त्यांच्याबद्दल सगळ्या ब्लॉकला माहीत होतं. आधी पातेलं आपटल्याचा आवाज यायचा, मग त्यांचा आवाज, आणि मग काकूंच्या मोरीतला नळ सोडल्याचा. नळ यासाठी की पुढचं कुणाला ऐकू येऊ नये. तुम्ही दोनदा खाली जाऊन दार वाजवलंत, ते मला आठवतं. दोनदा! मी मोजलंय. बाकी वेळा तुम्ही पेन्सिल खाली ठेवून नळ बंद होईपर्यंत बसून राहायचात. मी म्हणायचे, पोलिसांना बोलवा. तुम्ही म्हणायचात, काकू नको म्हणतात. मी म्हणायचे, काकूंना विचारायचं कशाला?

तर त्या काकू फोटो घेऊन आल्या. तेराव्याला चित्र हवं होतं. तुम्ही त्यांनाही तेच विचारलंत. "बाल्कनीपाशी खुर्चीत बसायचे," त्या म्हणाल्या, "बाल्कनीकडूनच उजेड." आपल्या सगळ्या क्वार्टरांचा नकाशा एकच, एका बाजूला बाल्कनी, समोरच्या बाजूला स्वयंपाकघर. विचारायची गरजही नव्हती.

त्या गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं. आणि काढणारच असाल तर जसा होता तसा काढा. तुम्ही म्हणालात, "जसा दिसतो तसा." मला ते पुरलं नाही. मी वक्तृत्व स्पर्धांतून ढाली आणत होते, अन्यायावर मला सलग दहा मिनिटं बोलता येत होतं, आणि माझ्याच घरात एका मारकुट्या माणसाचा चेहरा दिवसेंदिवस सुंदर होत चालला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही कचेरीत असताना मी तुमच्या फळीपाशी गेले. बाल्कनीकडचा गाल तुम्ही जवळजवळ कोरा ठेवला होता, उजेडासाठी. मी त्यावर अंगठा ठेवला आणि घासला. कानापासून हनुवटीपर्यंत, चांगला दाबून. मग साबणानं हात धुतले आणि अभ्यासाला बसले.

संध्याकाळी तुम्ही आलात. दिवा लावलात. कागदाकडे बघितलंत. भाषण तयार होतं माझं, मुद्द्यांसकट. तुम्ही म्हणालात, "हात धुऊन ये, जेवायला बसू."

"धुतलेत."

"परत धू."

बस. वाद तोडायची तुमची ही नेहमीचीच पद्धत असं मी समजले. मला इतका संताप आला की मी न जेवता झोपले.

तेराव्याच्या सकाळी चित्र झालेलं होतं. डाग नव्हता. मला वाटलं, पुसला. त्या सकाळी घरात ब्रेड नव्हता आणि आई तुमच्यावर चिडली होती, "अख्खा पुडा कुठे गेला? चहाबरोबर काय देऊ, पेन्सिली?" हे मला आठवतं, पण तेव्हा त्याचा काही अर्थ लागला नाही. मी चित्र बघत होते. अर्धा चेहरा सावलीत, अर्ध्यावर मवाळ उजेड, जबड्याच्या खाली एक बारीक उजळ कड. तो माणूस काहीतरी आठवून वाईट वाटून घेत असल्यासारखा दिसत होता. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात कधी वाईट वाटलं नाही, त्याला तुम्ही पश्चात्ताप काढून दिला होता!

काकू आल्या. पदरानं हात पुसून त्यांनी चित्र घेतलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "उजेड स्वयंपाकघराकडून आलाय."

तुम्ही पेन्सिली डब्यात भरत होतात.

"माझ्याकडे तोंड करून असे कधी बसले नाहीत हे." मग चित्र कागदात गुंडाळत म्हणाल्या, "राहू दे. आता बसतील."

त्या जिना उतरेपर्यंतही मला धीर धरवला नाही. मी तुम्हाला खोटारडे म्हटलं. म्हटलं, तुमच्या सगळ्या मऊ सावल्या, सुरळ्या, थर, हे मारणाऱ्यांचे हात पुसायचे फडके आहेत. काय काय म्हटलं. त्या दिवसापासून मी पेन्सिल धरली नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चहा निवला." तुमची हीच सवय! माणसानं पेटून उठावं आणि समोरच्यानं चहाचं तापमान सांगावं!

आणि ऐका, हे तुम्हाला माहीत नाही. तीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलेय. गेटवर, कॉलेजांत, दिल्लीतल्या मुखर्जीनगरच्या त्या खोल्यांत जिथे बीड-परभणीची मुलं-मुली परीक्षेची तयारी करतात आणि मला व्याख्यानाला बोलावतात. माझ्या ओळखीचा एक चित्रकार होता, मी सुरुवात करते. जुलमी माणसाच्या चेहऱ्यावर तो मऊ सावली घालायचा. मित्रांनो, सावध राहा त्या माणसापासून, तो जुलम्याहून घातक असतो! इथे हमखास टाळी. तो चित्रकार माझे वडील होते हे मी कधी सांगितलं नाही. तेवढी लाज ठेवली. आता वाटतं ठेवायला नको होती, निदान आईनं मला झोडपलं असतं.

तर गुरुवारी मी त्या मानेसरच्या माणसाचा चेहरा काढला. माझ्या पद्धतीनं. सिक्स-बीनं ठाम बाह्यरेषा, जबडा आवळलेला, भुवया खाली, डोळ्यांत आग. दोन तासांत झालं. सरचिटणीस खूष. "वाह मॅडम! बिल्कुल शेर!" मी चित्र घेऊन तिच्या खोलीवर गेले. ती बघून म्हणाली, "अच्छा है."

मी वाट बघत राहिले.

"गेट पे अच्छा लगेगा," ती म्हणाली. "पर दीदी, ये तो किसी से लड़ने जा रहे हैं. ये लड़ते कहाँ थे? मकान मालिक पानी बंद कर देता था तो भी मुझे ही भेजते थे." आणि तिला हसू आलं, महिन्याभरात पहिल्यांदा असेल. मग मुलीकडे बघत म्हणाली, "ये डर जाएगी."

मला काय वाटलं सांगू? राग आला. त्या बिचारीचा. मी तिच्या नवऱ्यासाठी लढतेय, आणि तिला नवरा लढणारा नको! गाडीत बसल्यावर कळलं की "काकूंना विचारायचं कशाला?" म्हणाले होते तेव्हाही मला हाच राग आला होता.

काल सकाळी पुन्हा बसले. तुमच्या पद्धतीनं, नाक मुठीत धरून. एचबी. मागून धरलेली. मनगटाखाली कोरा कागद. एक थर, तिरका थर, गोल थर. डावीकडून उजेड, कारण माझ्या टेबलाचा दिवा डावीकडे आहे. तीन तासांनी नाक नाकासारखं दिसायला लागलं, बाबा, आणि मी कबूल करते की मला बरं वाटलं. गाल कोरा, कागदाचा पांढरा. डाव्या डोळ्याखाली थोडी थकावट. दोन पाळ्यांची. दुपारी ठेकेदाराच्या वकिलाचा फोन आला. खांद्यात फोन धरून मी त्याला कायदा शिकवत होते, आवाज चढला होता, आणि उजव्या हाताला काही उद्योग नव्हता म्हणून तो चित्रावर फिरत होता. फोन ठेवला तेव्हा डावा गाल काळा होता. कानापासून हनुवटीपर्यंत. अंगठा.

रबर घेतलं. निघेना. मळून मऊ केलेलं रबर टिपलं, निघेना. खाली जाऊन ब्रेड आणला, गर काढून मळला, टिपला, पुसला, शेवटी घासला. कागदाची लव निघाली, डाग तिथेच. समज नव्हता तो, तुम्ही खरं सांगत होतात. तेव्हाच मी डबा उचलून खिडकीपाशी गेले होते. दुसरं चित्र काढायला वेळ नव्हता, रविवार उद्यावर आला होता. डबा हातात, खाली गार्ड, टेबलावर उघडा पडलेला ब्रेडचा पुडा, आणि मी त्या पुड्याकडे बघत उभी राहिले.

अंगठ्याचा डाग निघत नाही. मग तुम्ही तेव्हा काय पुसलंत?

काही पुसलं नाहीत. तुम्ही उजेड फिरवलात. माझा डाग झाकायला बाल्कनीकडचा अख्खा गाल अंधारात नेलात, आणि स्वयंपाकघराकडच्या गालावर चढवलेले सगळे थर एका रात्रीत ब्रेडनं उचलून तो कोरा केलात. पुडा तिथे गेला. माझ्या अंगठ्यासाठी त्या माणसाचं तोंड स्वयंपाकघराकडे वळलं. तो पश्चात्ताप तुम्ही काढला नव्हता. तो माझा डाग होता, सावलीत घेतलेला. तीस वर्षं ज्या मऊपणाविरुद्ध मी टाळ्या मिळवल्या, तो माझ्याच हातचा.

एक शब्द बोलला असतात तर? एक! "तू बिघडवलंस, म्हणून असं झालं." तुमच्या गप्प राहण्यातून मी एक अख्खं चुकीचं भाषण उभं केलं, आणि तुम्ही मला ते करू दिलंत. याला तुम्ही काय म्हणता, माया? मी याला निष्काळजीपणा म्हणते.

मग मी तिला फोन लावला आणि ज्या प्रश्नाची मला जन्मभर लाज वाटली, तोच विचारला. "घर में वो बैठते कहाँ थे? खिड़की किस तरफ़ है?"

"खिड़की नहीं है, दीदी," ती म्हणाली. "दरवाज़ा है. दरवाज़े में बैठते थे, मुन्नी के जूते खोलने के लिए."

"दरवाज़ा किस हाथ को पड़ता था उनके?"

पलीकडे ती उठली, चालली, बहुतेक त्याच्या जागी जाऊन बसली. "सीधे हाथ को."

सीधा हात, म्हणजे उजवा. त्याचा उजवा, माझ्या कागदावरचा डावा! डाग नेमका दाराच्या बाजूला. मी तुमच्या नावानं मोठ्यांदा ओरडले. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, सब ठीक है ना? मग मी त्याला दाराकडे पाठ करून बसवायचं ठरवलं. दिवसभर उभं राहून आलेला माणूस, पाठीमागून येणारा उजेड, मान थोडी आत, खोलीकडे. अख्खा चेहराच सावलीत घेतला. केसांच्या कडेला आणि एका खांद्यावर दाराचा पांढरा उजेड, कागदाचा. डाग सावलीत विरला. आणि जबड्याखाली, हनुवटीखाली, तुमची ती कणकेची कड, परत येणारा उजेड. कुठून येतो म्हणाल तर समोरून, खोलीतून, जिथे मुलगी उभी असेल तिथून. टू-बी, फोर-बी, शेवटी सिक्स-बी. सुरळी. बोट नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आत झालं.

आज सकाळी सभेच्या आधी तिच्या खोलीवर नेलं. तिनं ते भिंतीला टेकवून ठेवलं. मुलीनं चित्र बघितलं, मग जमिनीवर बसली आणि तिनं चित्रासमोर एक पाय पुढे केला, बुटासकट. कुणीतरी बूट काढायची वाट बघत.

तिच्या आईनं तोंड फिरवलं आणि कोपऱ्यातला नळ सोडला.

गेटवर मी गुरुवारचा शेर नेला. दुसरं चित्र तिच्या खोलीतच राहिलं, ते गेटचं नव्हतं. भाषण चांगलं चाललं होतं, आणि मग सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "मेरी पहचान के एक चित्रकार थे..." आणि पुढे काही येईना. हजारेक माणसं समोर, आणि मला वाक्य नाही. सरचिटणिसांना वाटलं माईक गेला, ते वायर हलवायला लागले. "हॅलो, हॅलो, चेक." मी त्यांना थांबवलं आणि विषय बदलून मागण्या वाचून दाखवल्या. टाळ्या कमीच पडल्या.

काकूंच्या नवऱ्याला मी अजूनही माफ केलेलं नाही. तुम्ही दोनदाच दार वाजवलंत तेही नाही. हे तुम्हाला सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी मऊ झाले.

पत्र कुठे पाठवणार, डब्यातच राहील, पेन्सिलींच्या खाली. या कागदाच्या कडेवर माझी काळी बोटं उमटलीयेत, आणि ती निघणार नाहीत हे आता मला माहीत आहे. तो अंगठा माझा होता, बाबा. आणि "परत धू" म्हणालात तेव्हाच तुम्हाला ते माहीत होतं, हे कळायला मला तीस वर्षं लागली. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतोय. तुमच्यापेक्षा थोडा जास्त माझा.

हात धुऊन येते.